अंगठ्याचा दोरा

"तुमची बोटं चुकत नाहीत, हे कशावरून, आक्का?"

प्रश्न शार्दूलचा. आयुर्वेदाची पदवी घेऊन तो आजऱ्याच्या डोंगरात नाडी शिकायला आला, त्याला दोन वर्षं झाली होती. शिकवणारी येसाक्का. तिला ना शाळा, ना गुरू. आणि हे कुणी विचारायच्या आत ती स्वतःच सांगायची, मान ताठ करून.

पहिल्याच दिवशी तिनं त्याचा उजवा अंगठा दोऱ्यानं तळहाताशी बांधला होता. सहा महिने असाच राहू दे, म्हणाली. का, ते सांगितलं नाही. आठव्या दिवशी त्यानं दोरा सोडला. डॉक्टरला हे शोभत नाही, म्हणाला.

आता त्याला तालुक्याला दवाखाना काढायचा होता. येसाक्कानं चारचौघांत हो म्हटल्याशिवाय त्या मुलखात कुणी त्याच्या हातात मनगट दिलं नसतं.

म्हणून तिच्या तोडीचं काही आपल्याकडंही आहे, हे दाखवायला त्यानं मोबाइल आणला होता. मागच्या भिंगावर बोट टेकवायचं, की पडद्यावर नाडीची लाट उमटायची, खाली निदान. ही करामत त्याचीच.

ओसरीवर सात-आठ रोगी बसलेले. आक्कानं नुकताच भैरू पाथरवटाचा हात सोडला होता. नाडी संथ आहे, कष्टानं दमलाय, दुसरं काही नाही, असं तिनं सांगितलं.

"आता हा बघू दे," शार्दूल म्हणाला.

दगड फोडून फोडून भैरूचं बोट दगडासारखंच झालेलं. ते भिंगावरून घसरू नये म्हणून शार्दूलनं ते आपल्या अंगठ्यानं बाजूनं रेटून धरलं. पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

लाट उठली.

"एकशे आठ. पित्त भडकलंय. झोप नाही. छातीत धाकधूक." तो थांबला. "आक्का, तुमचं चुकलं."

पन्नास वर्षांत येसाक्काला हे तोंडावर कुणी म्हटलं नव्हतं.

भैरूच कसनुसा हसला. पडलो की मेल्यागत झोपतो मी, असं काहीतरी पुटपुटला.

"भैरू," आक्का म्हणाली, "हात काढ गा."

भैरूनं हात काढून मांडीवर ठेवला.

लाट चालूच होती. एकशे आठ... एकशे बारा...

शार्दूलनं मोबाइल उलटा केला. भिंगावर त्याचाच अंगठा होता; लाट त्या अंगठ्यातल्या नाडीची.

कुणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं.

"यंत्र चांगलं आहे," आक्का म्हणाली. "खोटं बोलत नाही."

...

शार्दूलनं मोबाइल खाली ठेवला. औषधाच्या पुडीचा दोरा तिथंच पडला होता. तो त्यानं तिच्यापुढं सरकवला आणि उजवा हात पुढं केला.

आक्कानं दोऱ्याला हात लावला नाही. पुढच्या रोग्याचं मनगट तिनं तीन बोटांत धरलं होतं.

"एका हातानं गाठ कशी मारू?" त्यानं हळूच विचारलं. "तुमचा अंगठा कुणी बांधला होता?"

आक्कानं मनगटावरची नजर हलवली नाही.

"कोण बांधणार? दात होते की मला."