ठकूबाईच्या डोक्यावरची माती

वाघनळीच्या ओढ्यावर पूल नव्हता आणि तालुक्याला जायला बैलगाडीशिवाय काही नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. गावकुसाबाहेरच्या वस्तीत ठकूबाई खरात राहायची. तिची चार लेकरं पाळण्यातच गेली. पाचवं झालं तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि नाव ठेवलं केरबा. केराला कोण हात लावतं? मरणसुद्धा लावणार नाही, असं तिचं गणित. आयांची गणितं अशीच असतात. चुकतात, पण मांडल्याशिवाय झोप येत नाही.

वस्तीचं मसण ओढ्यापलीकडच्या माळावर होतं. तिकडं जायची जुनी वाट वरच्या अंगानं, उथळ खडकावरून जायची. दौलतराव पाटलानं ती वाट नांगरून ऊस लावला आणि तोंडाशी बाभळीचे काटे टाकले. मग वस्तीनं आपली मढी खालच्या डोहातून न्यायची. एका श्रावणात ठकूबाईचा नवरा गेला. ओढा फुगलेला. खांदेकरी छातीएवढ्या पाण्यात उतरले आणि मधोमध एकाचा पाय सुटला. तिरडी वाहून गेली ती पुन्हा कुणाला दिसली नाही. केरबा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो रडला नाही, असं म्हणतात. त्यानं एवढंच विचारलं, "आये, वाट कुणाकडं मागायची असती?"

आईला उत्तर ठाऊक नव्हतं. ते शोधायला म्हणून तो शिकायला गेला आणि वकील होऊन परत आला.

तालुक्याच्या कोर्टात त्याला सनद होती, खुर्ची नव्हती. तो अशिलांना आवारातल्या लिंबाखाली भेटायचा. तिथला कारकून त्याचे कागद हातात देत नसे, वरून टाकायचा. केरबा वाकून ते उचलायचा, धूळ झटकायचा आणि आत जाऊन बोलायला लागायचा. तो बोलायला लागला की लिंबावरचे कावळेसुद्धा गप्प व्हायचे, असं म्हणतात. कावळ्यांचं कुणी सांगावं. पण माणसं गप्प व्हायची हे नक्की.

त्यानं पाटलावर वाटेचा दावा लावला. पाटील म्हणाला, तिथं वाट कधी नव्हतीच. तेव्हा केरबानं जिल्ह्याच्या दप्तरातून एक जुना कागद काढला. फार मागं वाघनळीचं शेजारच्या गावाशी शिवेवरून भांडण झालं होतं. तेव्हाची रीत अशी की गावच्या महारानं डोक्यावर माती घेऊन शीव चालायची. चाळीस दिवसांत त्याच्या घरात काही वाईट झालं नाही, तर त्याचा शब्द खरा. केरबाचा आजा तशी शीव चालला होता आणि त्याच्या शब्दावर गाव भांडण जिंकलं होतं. कागदात लिहिलं होतं, "मसणवाटेपासून चालावयास लागला."

केरबा कोर्टाला म्हणाला, "साहेब, ज्याच्या शब्दावर या गावाची शीव उभी आहे, त्याच्या घरच्या मढ्याला त्या शिवेत वाट नाही."

वाट होती हे ठरलं. आता ती कुठून जात होती, हे कोण सांगणार? त्या वेळी नवी सून म्हणून सासऱ्याच्या मागून शीव चाललेली एकटी ठकूबाई आता जिवंत होती. मुन्सफ साहेब होळीनंतर स्वतः जागा बघायला आले. सारं गाव बांधावर जमलं. ठकूबाईनं फक्त चालून दाखवायचं होतं.

पाटील मिशीत हसला. म्हणाला, "ठके, तुझ्या सासऱ्यानं माती घेतली हुती डोईवर. तू नुसतीच चालणार व्हय? तीर्थाला निघाल्यागत?"

लोक हसले. ठकूबाई वाकली, दोन्ही हातांनी माती उचलली आणि डोक्यावर ठेवली.

केरबा पुढं झाला. "आई, माती टाक. कोर्टाला माती लागत नाही."

"कोर्टाला लागत नसंल," ती म्हणाली, "गावाला लागती." आणि सगळ्यांदेखत बोलली, "खोटी वाट दावली, तर चाळीस दिसांत माझा केरबा माझा न्हाई."

केरबाचा चेहरा उतरला. तिला वाटलं, शिकलेल्या लेकाला आपली लाज वाटली. ती उसात शिरली. असं म्हणतात, तिच्या डोक्यावरचा मातीचा एक कण खाली पडला नाही, आणि जिथं तिचं पाऊल पडलं तिथं उसाच्या मुळ्यांखालून जुन्या वाटेचे दगड आपोआप वर आले.

पाटलानं चावडीच्या भिंतीवर कोळशानं रेघा ओढायला लावल्या. रोज एक.

अकराव्या रेघेला केरबानं अंथरूण धरलं. विसाव्याला त्याच्या खोकल्यातून रक्त आलं ते ठकूबाईनं पाहिलं. तिनं नवस बोलले, मीठमोहऱ्या ओवाळल्या, रात्ररात्र वाट पायांनी पुन्हा आठवून पाहिली. चिंचेपाशी आपण वळलो, ते बरोबर ना? की चार पावलं पुढं वळायचं होतं? तिला पक्कं ठाऊक होतं की ती खरी चालली. पण लेकरू तापानं फणफणलं की कुठल्या आईला स्वतःचं काही पक्कं वाटतं?

सदतिसाव्या दिवशी शेवटची तारीख होती. केरबाला गाडीत आडवं घालून नेलं. कोर्टात तो भिंतीला धरून उभा राहिला. दाव्याचं थोडक्यात बोलला आणि मग खिशातून एक कागद काढला. डॉक्टरचा कागद होता, संक्रांतीच्या आठवड्यातला. क्षय झाला आहे, पावसाळा दिसणार नाही, असं त्यात लिहिलं होतं.

मुन्सफ म्हणाले, "याचा दाव्याशी काय संबंध?"

"दाव्याशी नाही, साहेब. साक्षीदाराशी आहे." तो थांबून थांबून बोलत होता. "मी दोन-तीन दिवसांत जाईन. लोक म्हणतील, आई खोटं चालली. या कागदावरची तारीख बघा. माझं मरण तिच्या शपथेच्या आधीचं आहे. एवढं दप्तरात लागावं."

ठकूबाई दाराशी जमिनीवर बसली होती. लेकाचं मरण तिला तिथं कळलं, भर कोर्टात, पुरावा म्हणून.

वरून कागद टाकणारा कारकून त्या दिवशी उठला आणि तो कागद त्यानं दोन्ही हातांनी घेतला, असं म्हणतात. दिवेलागणीच्या आत मुन्सफांनी निकाल सांगितला आणि कारकुनाला बसवून नक्कल तिथंच लिहून दिली. वाट वस्तीची ठरली.

एकोणचाळिसाव्या दिवशी पहाटे केरबा गेला.

चावडीवर कुजबुज झाली. एकच रेघ राहिली होती. मातीनं आपलं काम केलं म्हणाले. ठकूबाई लेकाला अंगणात झाकून ठेवून उठली. ज्या चावडीची पायरी तिच्या सात पिढ्या चढल्या नव्हत्या, ती चढली. नक्कल पाटलापुढं धरली.

"वाचा, पाटील. मला वाचता येत न्हाई."

पाटील वाचू लागला. डॉक्टरच्या तारखेपाशी आला आणि थांबला. मागं वळून त्यानं भिंतीवरच्या रेघा पाहिल्या. काही म्हणतात त्याचं तोंड त्या दिवसापासून वाकडं झालं. काही म्हणतात तो नुसता उठून घरी गेला. दुपारी बाभळीचे काटे निघाले. त्या वाटेनं गेलेली पहिली तिरडी केरबाची. खडकावर घोटाभरसुद्धा पाणी नव्हतं.

गाव गप्प झालं. ठकूबाईचं मन मात्र गप्प झालं नाही. कागद तिच्याच बाजूचा होता, तरी रोज संध्याकाळी ती वाटेच्या तोंडाशी जायची, मूठभर माती उचलायची आणि टाकायची. "टाकली रे बाळा," म्हणायची, "टाकली बघ." चौदा वर्षं ती हे करत राहिली. मग त्याच वाटेनं तीही गेली.

वाघनळीत आजही कुणी लेकराची शपथ घेत नाही. कुणाला कोर्टात साक्ष द्यायला जायचं असेल, मग तो वस्तीचा असो की पाटलाच्या वाड्यातला, तो आधी त्या वाटेच्या तोंडाशी येतो. मूठभर माती उचलतो, खाली टाकतो. "टाकली, केरबा," म्हणतो, आणि हात झटकून रिकाम्या हातांनी खरं सांगायला जातो.