अवेळी गायलेली भैरवी

एका राज्यात गाण्याने वेडी झालेली एक नगरी होती. तिथे गवळी सुरात धार काढी आणि सासू-सुना भांडल्या तरी तालात भांडत. दर माघी पौर्णिमेला तिथे तीन दिवसांचा संगीतोत्सव भरे. त्याचा नियम एकच, भैरवी सगळ्यांत शेवटी. भैरवी झाली की मैफल मोडली. मग साक्षात गंधर्व उतरला तरी त्याने गाऊ नये.

एका वर्षी राजा धवलसेनाला शिकारीची घाई झाली. राजांना घाई झाली की नियमांचे काही खरे नसते. पडद्यामागे भुजंगनाथ नावाचा म्हातारा मांत्रिक तंबोरा जुळवत बसला होता. तीस वर्षे तो उत्सवाला येई आणि दर वर्षी ‘पुढल्या वर्षी नक्की’ असे ऐकून परत जाई. या खेपेस त्याचा क्रम लागला होता. इतक्यात राजाने हुकूम सोडला, “हेमकळेला बोलवा. भैरवी होऊ द्या. आम्ही निघतो.”

हेमकळा ही राजगायिका. पडद्याच्या फटीतून तिने म्हाताऱ्याला पाहिले होते, तरी ती गायली. राजाचा हुकूम होता हे खरे, पण समोर मांडव गच्च भरला होता हेही खरे. आणि भरल्या मांडवाला नाही म्हणणारा गवई अजून जन्मायचा आहे.

भैरवी संपली तसा म्हातारा उठला. “मैफल मोडली,” एवढेच म्हणाला आणि निघून गेला. त्याच्यामागून नगरीतला सूरही गेला. सनईतून नुसती फुंकर येऊ लागली. तंबोऱ्याच्या तारा कपडे वाळत घालायच्या दोरीइतक्याच वाजू लागल्या. आया अंगाई म्हणत, ती वाण्याची यादी वाचावी तशी ऐकू येई.

राजाला कोण बोलणार? वड्याचे तेल वांग्यावर निघाले. नगरीने हेमकळेशी बोलणे टाकले. ती पाणवठ्यावर आली की बायका अर्ध्या भरलेल्या घागरी उचलून चालू लागत. असे एक वर्ष गेले, दोन गेली, बारा गेली. घरात ती आणि भिंती. कधी आपला आवाज उरला आहे की नाही हे पाहायला ती स्वतःलाच नावाने हाक मारी. खिडकीत एक साळुंकी येऊन बसे, तिला ती दिवसभराचे सगळे सांगे. बाराव्या वर्षी साळुंकी बोलली.

“बाई, आता माझे ऐक. काळ्या डोंगरातल्या गुहेत भुजंगनाथ राहतो. नगरीचे सूर त्याच्या रांजणात आहेत. तो तीनदा गातो. खरी दाद देईल त्याला रांजण मिळेल. खोटी दाद देईल तो दगड होईल.”

हेमकळा निघाली. नदीने वाट दिली, वाघाने वाट सोडली, डोंगराने पायऱ्या खाली केल्या. गुहेच्या दाराशी, सूर परत आणायला राजाने धाडलेले अकरा दरबारी दगड होऊन बसले होते. प्रत्येकाचा हात वर, तोंडात ‘वाहवा’ अडकलेली. एकाची मान तर गाणे सुरू होण्याआधीच डोलली असावी.

“कशाला आलीस?” म्हाताऱ्याने विचारले.

“ऐकायला.”

“त्या दिवशी ऐकायचे होते.”

“होय. माझे चुकले.”

म्हातारा पहिल्यांदा गायला, तेव्हा गुहेत पाऊस पडला आणि कातळाला मोहोर फुटला. हेमकळेने दाद दिली नाही.

“आवडले नाही?”

“पाऊस आवडला. गाणे कुठे दिसले नाही.”

दुसऱ्यांदा तो हेमकळेच्याच आवाजात गायला. तिच्या ताना, तिच्या हरकती, जशाच्या तशा. बारा वर्षांनी आपला गळा ऐकून तिचे डोळे वाहू लागले. हात अर्धा उठला आणि बोटे दगडासारखी गार पडली. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

“हे माझे आहे,” ती म्हणाली. “तुमचे गा.”

म्हाताऱ्याने कोपऱ्यातल्या तंबोऱ्याकडे पाहिले. “माझे आता काय राहिले आहे? बेचाळीस वर्षे कोणी ऐकले नाही.”

“मी बसले आहे.”

मग त्याने जादू बाजूला ठेवली आणि तंबोरा घेतला. गळा बसलेला होता. वरच्या षड्जाला आवाज फाटला. तो मागे फिरला, पुन्हा चढला, पुन्हा फाटला. हेमकळेला ते ओळखीचे वाटले. रिकाम्या घरात हरवलेला सूर शोधताना ती असेच करी. तिसऱ्या खेपेला सूर लागला, आणि तिच्याही नकळत तिच्या तोंडून गेले, “अहाहा.”

अकरा हात खाली आले. एक दरबारी सवयीने “वाहवा” म्हणालाच, पण शाप सरला होता म्हणून वाचला.

“रांजण ने,” म्हातारा म्हणाला.

“तुम्हीही चला. तुमचा क्रम राहिला आहे.”

माघी पौर्णिमेला भरल्या मांडवात रांजणाचे झाकण उघडले आणि सूर आपापल्या घरी गेले. भुजंगनाथ दुपारभर गायला. राजा एकदाही उठला नाही. उत्सवाच्या शेवटी सगळा मांडव म्हणू लागला, “हेमकळा, भैरवी!”

हेमकळा बसली. तंबोरे वाजू लागले. ती मात्र गाईना.

“काय हवे ते माग,” राजा म्हणाला.

“बारा वर्षे माझ्याशी कोणी बोलले नाही, महाराज. आधी कोणीतरी बोला. मग गाते.”

मांडवाने माना खाली घातल्या. मग पार मागून भागू कासारीण उभी राहिली. काय बोलावे ते तिलाही सुचत नव्हते.

“हेमे,” ती म्हणाली, “जेवलीस का गं?”

“नाही.”

“मग गाऊन घे. माझ्याकडंच ये जेवायला. पिठलं टाकते.”

तेव्हा हेमकळेने भैरवी म्हटली. मैफल रीतीने मोडली, राजा राजवाड्यात गेला, माणसे आपापल्या घरी गेली, आणि हेमकळा भागूकडे जेवायला गेली.