समोरचा ओटा

तुम्ही विरोधकाला हरवलंत, याबद्दल तक्रार नाही. हरवायचंच असतं. पण तुम्ही त्याला मायेनं जवळ बोलावलंत, शेजारी बसवलंत, त्याच्या खांद्यावर शाल घातलीत आणि तिथंच त्याचा आवाज संपवलात. वर लोकांकडून मोठ्या मनाचे म्हणवून घेतलंत. ही गोष्ट तुमच्यासाठी आहे. बाकीच्यांनीही ऐकावी, लहानांनी आणि थोरांनी.

पुष्कळ पूर्वी डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. तिथला शेवटचा राजा निपुत्रिक वारला, तेव्हा लोकांनी ठरवलं, आता राजा नको. आपण आपला प्रमुख निवडू. निवडीच्या दिवशी सगळे मैदानात जमत आणि ज्याला जो पटेल त्याच्यामागे जाऊन उभे राहत. ज्याच्यामागे जास्त माणसं, तो प्रमुख.

त्या मैदानात दोन ओटे होते, समोरासमोर. एका ओट्यावर प्रमुख आणि त्याचे मंत्री बसत. दुसऱ्यावर हरलेले बसत. कुठलाही हुकूम निघाला की पुकारा करणारा दोन्ही ओट्यांच्या मधे उभा राहून तो मोठ्यानं वाचून दाखवी. मग तो दुसऱ्या ओट्याकडे तोंड करून विचारी, "समोरच्यांचं काय म्हणणं?"

समोरच्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय हुकूम पक्का होत नसे. ते प्रश्न विचारत, प्रमुख उत्तरं देई आणि मधल्या मोकळ्या जागेत बसलेली माणसं दोन्हीकडचं ऐकत. कधी हुकूम तसाच राही, कधी बदले. कधी प्रमुखालाच लाज वाटून तो मागे घेतला जाई.

समोरच्या ओट्यावर बरीच वर्षं एक बाई बसत होती. सगळे तिला आक्का म्हणत. ती डोंगरावरच्या वाडीतली. निवडणुकीला उभी राही आणि हरे, पुन्हा उभी राही आणि पुन्हा हरे. तिच्यामागे वरच्या वाडीतली आणि आसपासच्या चढांवरची माणसं उभी राहत, आणि ती नेहमीच थोडी असत. पण ओट्यावर बसून ती बोलू लागली की खालच्या पेठेतले व्यापारीही हातातलं काम थांबवत.

एका वर्षी एक तरुण प्रमुख निवडून आला. मनानं स्वच्छ होता. आक्काचे प्रश्न ऐकतच तो लहानाचा मोठा झाला होता. निकाल लागला त्याच संध्याकाळी तो तिच्याकडे गेला.

"आक्का, तुम्ही माझ्याबरोबर या," तो म्हणाला. "रानाचं खातं तुम्ही सांभाळा."

"माझ्यामागे उभी राहिलेली माणसं काय म्हणतील, पोरा?"

"म्हणतील, अखेर आपलं माणूस आत गेलं."

आक्कानं त्याला बसायला घोंगडी टाकली. मग म्हणाली, "‘नाही, नाही’ म्हणून म्हणून माझा घसा बसलाय. एकदा हो म्हणून काही उभं करता आलं, तर बरं वाटेल रे."

खोटं कशाला सांगू, तिची ती इच्छा खरी होती आणि त्याचीही. कुणाच्याच मनात कपट नव्हतं. म्हणूनच तर मला या गोष्टीचा राग येतो.

मंत्र्याला काळ्या काठाची पांढरी शाल देण्याची तिथली रीत होती. शाल पांघरली की आतलं बोलणं आत राही आणि बाहेर सगळ्यांचा शब्द एक होई. आक्कानं शाल पांघरली. तिच्या सोबत्यांनीही पांघरली, कारण प्रमुखानं त्यांनाही बोलावलं होतं. त्या दिवशी पेठेत गूळ वाटला गेला. भांडण संपलं, असं जो तो एकमेकांना सांगत होता.

समोरचा ओटा रिकामा झाला आणि कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

आक्कानं काम चांगलं केलं. उघडे पडलेले उतार तिनं पुन्हा लावून घेतले. उभं झाड कुणी तोडायचं नाही, असा नियम केला आणि तो पाळलाही गेला. बैठकीत तिचा मान होता. ती आली की बसायला जागा दिली जाई, विचारपूस होई. आधीच्या प्रमुखांना भर मैदानात "अरे, तुला कळतं का?" म्हणणारी आक्का आता "आपण म्हणता तसं" म्हणू लागली.

इकडे पुकारा करणारा रीत म्हणून हुकूम वाचल्यावर वळे आणि विचारी, "समोरच्यांचं काय म्हणणं?" थोडा थांबे. मग स्वतःच म्हणे, "समोरच्यांचं काही म्हणणं नाही." हुकूम पक्का होई. पुढे पुढे त्या ओट्यावर ऊन चांगलं लागतं म्हणून बायका तिथं पापड, कुरडया वाळत घालू लागल्या.

सगळ्यात आधी चुकल्यासारखं वाटलं ते प्रमुखालाच. हुकूम वाचून झाला की त्याचे कान आपोआप पलीकडे लागत. पूर्वी मैदानात बसून ऐकताना त्या प्रश्नांनी त्याचा जीव अर्धा होई. पण घरी गेल्यावर तेच प्रश्न त्याच्याशी बोलत बसत आणि त्याला शहाणं करत. आता हुकूम काढला की झाला. आक्का त्याच्या शेजारीच असे, हात लांबवला तर शाल हाताला लागेल इतकी जवळ. तरी त्याला तिची आठवण येई.

मग साकवाचा प्रश्न आला.

पेठेजवळ नदी ओलांडायला चांगला पूल नव्हता. व्यापाऱ्यांच्या बैलगाड्या लांबून वळसा घालून येत. पूल हवा होता, यात शंका नव्हती. पण त्याला लागणारी जाड लाकडी तुळवटं आणायची कुठून? झाड तोडायला बंदी होती.

एक मंत्री म्हणाला, "वरच्या वाडीखाली नदीवर जुना लाकडी साकव आहे. अस्सल सागाचा. तो उतरवू आणि इथं लावू. आक्कांचा नियमही मोडणार नाही."

"आणि वरची वाडी?" आक्कानं विचारलं.

"पाऊस सरला की पडलेल्या झाडांच्या लाकडातून त्यांना दुसरा बांधून देऊ," प्रमुख म्हणाला. "मी शब्द देतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी आक्कापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

ती समोरच्या ओट्यावर असती, तर तिनं विचारलं असतं, आधी त्यांना बांधून मग हा का उतरवत नाही? भर पावसात वाडीत कुणी आजारी पडलं, तर ते खाली कसं येणार? तुझा शब्द नदीवर आडवा टाकून त्यावरून चालायचं का? उत्तर मिळेपर्यंत तिनं सोडलं नसतं. पण समोर बसलेल्याला दहा वेळा विचारता येतं. शेजारी बसलेल्याला दुसऱ्यांदा विचारणंही उद्धटपणाचं वाटतं. नियम तिचा होता, माणसं चांगली होती आणि शब्द दिलेला होता.

"बरं," आक्का म्हणाली.

मैदानात हुकूम वाचला गेला. पुकारा करणारा वळला, थांबला. समोर कुरडया वाळत होत्या. हुकूम पक्का झाला.

साकव उतरवायला सुतार गेले, तेव्हा वरच्या वाडीचा म्हातारा पाटील खाली आला. आक्काचा तो चुलता लागायचा. तो थेट तिच्या दारात उभा राहिला आणि तिला नीट न्याहाळून म्हणाला, "शाल छान आहे गं. ऊब देत असेल."

"काका, आत या."

"आत काय यायचं? तू आत आहेस ना, तेवढं पुरे. हुकूम निघाला तेव्हा तू होतीस तिथं?"

"होते."

"बोललीस?"

"बोलले. आत बोलले."

"आम्हाला नाही ऐकू आलं," म्हातारा म्हणाला. "तसं आम्ही जरा उंचावर राहतो. वारा फार असतो."

"पाऊस सरला की नवा बांधून देणार आहेत. प्रमुखांनी शब्द दिलाय."

"आणि त्या शब्दाला सवाल कुणी करायचा? आम्ही कुणाकडे बघून ओरडायचं, तेवढं सांग. पूर्वी तुझ्याकडे बघून ओरडायचो."

म्हाताऱ्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसाच, आणि तो चढावाला लागला.

पेठेतला पूल उत्तम झाला. मग पाऊस आला. नदी फुगली, त्या काठानं पेठेच्या पुलापर्यंत वाट नव्हती, आणि वरची वाडी एकटी पडली. आधी मीठ संपलं, मग तापाची साथ आली. पलीकडच्या काठावर आजारी माणसांना झोळीत घालून आणलं जाई आणि अलीकडच्या काठावर वैद्य औषधाची पुरचुंडी हातात धरून उभा असे. मधून लाल पाणी वाहत राही. हाका ऐकू येत, पण पोचता येत नसे. झोळीतून आणलेले काही जण तिथंच, काठावर गेले.

पाऊस ओसरल्या ओसरल्या प्रमुखानं सुतार पाठवले. त्यानं शब्द पाळला. ते दोर टाकून पलीकडे गेले आणि वाडीत शिरले, तर दारं ओढून घेतलेली होती, चुली गार होत्या. गोठ्यात एकही जनावर नव्हतं. माणसं कड्यापलीकडच्या दुसऱ्या राज्यात निघून गेली होती. त्यांनी कुणाशी भांडण केलं नव्हतं. भांडायला समोर कुणी उरलंच नव्हतं.

सुतारांनी हे सांगितलं, तेव्हा आक्का बैठकीतच होती. ती उठली नाही, रडली नाही. तिनं खांद्यावरची शाल काढली, घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

प्रमुख म्हणाला, "आक्का, तुम्ही परत समोर बसा. मला तुमचा नकार हवा आहे. तुम्ही इथं आल्यापासून मी तो शोधतोय."

"नकार माझा नव्हता रे," आक्का म्हणाली. "तो त्यांचा होता. मी फक्त तोंड होते. तू तोंड उचलून आत आणलंस आणि मी आले. आता बसेन मी समोर, पण माझ्यामागे कोण उभं आहे?"

"कुणी नसलं तरी बसा."

ती मैदानात गेली. ओट्याशी उभी राहून म्हणाली, "कुरडया कुणाच्या आहेत या? उचला." बायकांनी मुकाट्यानं उचलल्या. आक्का ओट्यावर बसली, एकटीच. तिच्या सोबत्यांना शाली सोडवल्या नाहीत.

पहिला हुकूम वाचला गेला तो वरच्या वाडीचा साकव पुन्हा बांधण्याचा. पुकारा करणारा वळला. "समोरच्यांचं काय म्हणणं?"

"कुणासाठी बांधताय?" आक्कानं विचारलं.

प्रमुख म्हणाला, "निघून गेले त्यांच्यासाठी."

"ते येतील?"

"माहीत नाही."

"माहीत नाही, हे तू आधी म्हणाला असतास तर," आक्का म्हणाली, आणि तिनं वाक्य पुरं केलं नाही. मग तिनं हात हलवला. "बांधा. बाजूला कठडाही घाला. म्हातारी माणसं आहेत त्यांच्यात."

साकव झाला. त्यावरून कुणी गेलं नाही, कुणी आलं नाही. प्रमुख रोज संध्याकाळी कामं उरकली की डोंगराकडे बघत बसे. पूर्वी या वेळेला त्या उतारावर चुलींचा धूर दिसायचा, सरळ वर जाणारा. आता नुसतं झाडांचं हिरवं दिसे, आक्कानंच लावलेलं. तीही आपल्या ओट्यावरून तिकडेच बघत असे. मधे रिकामं मैदान आणि दोघांची नजर एकाच जागी.

बोध एवढाच: विरोधकाला शेजारी बसवायचं, तर समोरची जागा रिकामी पडू देऊ नये, कारण तिथून एक माणूस बोलतं, पण त्याच्या तोंडून पुष्कळांची हाक येते.

त्यानंतर बऱ्याच काळानं एक कासारीण बांगड्यांची माळ खांद्यावर घेऊन कड्यापलीकडून आली. नव्या साकवावरून उतरली आणि थेट मैदानात येऊन टेकली. वरच्या वाडीतून गेलेल्या बायकांना बांगड्या भरल्या, असं ती सहज बोलून गेली, तसा प्रमुख ओट्यावरून उतरून तिच्याजवळ आला.

"बरे आहेत?"

"आहेत. उपऱ्यासारखे राहतात, पण आहेत."

"परत येतील का?"

कासारणीनं माळ खाली ठेवली आणि समोरच्या ओट्याकडे पाहिलं. "साकव झालाय, म्हणून मी सांगितलं त्यांना. तर त्यांच्यातला म्हातारा म्हणाला, ते राहू दे, समोर कुणी बसतं का आता? मी म्हटलं, आक्का बसते म्हणतात. तर म्हणाला, बसते ते ठीक आहे, पण पुन्हा उठणार नाही ना, तेवढं विचारून ये."