रखवालदाराची पाठमोरी खुर्ची

आमच्या आंबेवणीच्या बागेत दोरीचे पूल आहेत, चिखलात खेळायला जागा आहे, ओंडक्यांखालचे किडे बघायला भिंगं ठेवली आहेत. पाहुणे हे सगळं हौसेने बघतात आणि मग माझ्याकडे बघून हसतात. दाराकडे पाठ करून बसलेला रखवालदार त्यांनी कुठे पाहिलेला नसतो. मी आळशी आहेच, पण ही खुर्ची माझ्याआधीपासून अशी आहे.

पूर्वी इथे देवराई होती. तिच्यातली काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, असा दंडक होता. राखण राही गुरवीण करायची आणि ती भलतीच खाष्ट होती म्हणे. पोरं राईतून बाहेर पडली की त्यांचे ओचे झटकायची, वर एकेक धपाटा घालायची.

एका उन्हाळ्यात वणवा आला आणि दोन दिवसांत राई जळून गेली. आसपासचे डोंगरही होरपळलेले, बी आणायचं कुठून? राहीने देवीपुढे हात जोडले. "राईत बी पडल्याबिगर अन्नाला शिवनार नाय." पाच दिवस ती नुसत्या पाण्यावर राहिली, असं सांगतात. म्हातारीचा जीव जाणार म्हणून गाव घाबरलं.

सहाव्या दिवशी कुंभाराची ठकी रडत आली. "आजी, मारू नगंस," म्हणाली आणि तिने ओचा रिकामा केला. सागरगोटे, चिंचोके, रिठे. सगळे खेळायला राईतूनच चोरलेले! मग एकेक पोर पुढे झालं. कुणी उतरंडीतून, कुणी गोठ्याच्या वळचणीतून आपला ऐवज काढून आणला. हिरडा, बेहडा, बकुळ, राहीसमोर हा ढीग लागला.

"माझ्या डोळ्यांदेखत एवढं नेलंत व्हय गं?" राही म्हणाली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं. ठकीला तिने पोटाशी धरलं आणि त्याच दिवशी पोरांच्या हातांनी बी पेरलं. पेज प्यायली ती त्यानंतरच. पुढे पोरं घरी निघाली की ती आपणहून पाठ फिरवायची.

आजही आमच्यात तीच रीत आहे. जाताना प्रत्येक पोराने एक बी चोरायचं आणि रखवालदाराला ते दिसू द्यायचं नाही. तुमची लेक मघापासून उजवी मूठ उघडत नाहीये. मी काही पाहिलेलं नाही. घरी गेल्यावर तुम्हीही विचारू नका, फक्त एक कुंडी रिकामी करून ठेवा.