वाऱ्याच्या घराची शिवण

ऐका, लहानांनी ऐका आणि थोरांनीही ऐका. फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक वाऱ्याचं घर होतं.

त्याला ना दगड, ना वीट, ना लाकूड. मेणकापडाची मोठी पिशवीच ती, पण घराच्या आकारात शिवलेली. मागच्या बाजूला दोन मोठे भाते लावायचे, गड्यांनी ते दाबत राहायचं, की पिशवी फुगत जाई. आधी तळ फुगे, मग चार कोपऱ्यांचे खांब उभे राहत, शेवटी छप्पर ताठ होई. देवीच्या जत्रेत ते उभं राही आणि गावोगावची पोरं त्यात उड्या मारत. कितीही पडलं तरी लागायचं नाही, हीच त्याची मौज.

ते घर शिवलं होतं गावच्या शिंप्याने. मरताना त्याने त्याची निगा जावयाकडे सोपवली. जावयाचं नाव हैबती, आणि शिंप्याच्या लेकीचं नाव साळू.

"जत्रा संपली की ओल्या मऊ फडक्याने पुसा," म्हातारा म्हणाला होता. "सावलीत आतून-बाहेरून सुकवा. आणि घडी घालण्याआधी प्रत्येक शिवणीवर मेण चोळा."

हैबती काही वर्षं तसंच करत राहिला. मग एका जत्रेत पाटील सहज बोलून गेले, "घर झकास आहे रे, पण जरा मळकट दिसतं."

झालं! ते वाक्य हैबतीच्या मनात काट्यासारखं रुतलं. पुढच्या जत्रेआधी त्याने राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि अख्खं घर खसाखसा घासलं. लाल कापड डाळिंबाच्या दाण्यासारखं चमकू लागलं. लोक बघत राहिले. पाटलांनी चारचौघांत त्याची पाठ थोपटली.

तेव्हापासून हैबतीचा हात थांबेना. दर वर्षी जास्त राख, जास्त जोर.

"अहो, मेण पार निघून गेलंय," साळू म्हणाली. "शिवणीचा दोरा उघडा पडलाय. जरा हात लावून तर बघा."

"मेण लावलं की त्यावर धूळ बसते," हैबती म्हणाला. "आणि लोक काय शिवण बघायला येतात होय?"

घराच्या चमकेची वार्ता राजधानीपर्यंत गेली. त्या वर्षी खुद्द राणीसाहेब हत्तीवरून जत्रेला आल्या. बरोबर लहानगी राजकन्या होती. घरासमोर मांडव पडला, ढोल वाजू लागले. हैबतीला देण्यासाठी राणीने सोन्याचं कडं आणलंय, अशी कुजबुज गावभर झाली.

पोरं आत शिरण्याआधी भात्यावरचा म्हातारा गडी हैबतीला म्हणाला, "धनी, आज हवा ठरत नाही. कुठंतरी गळतंय."

हैबती मागे गेला. मागच्या खांबाच्या बुडाशी शिवण बोटभर उसवली होती. तिच्यातून वारा फुसफुसत होता.

समोर राणी बसली होती. हैबतीने इकडे-तिकडे पाहिलं, एक रंगीत पताका ओढून उसवलेल्या जागेवर बांधली आणि म्हणाला, "भाते जोरात हाणा. काही होत नाही."

पोरं आत गेली. राजकन्याही गेली. उड्या सुरू झाल्या, किंकाळ्या आणि हसणं यांनी घर दणाणून गेलं. प्रत्येक उडीसरशी खांब थरथरत होता. पताका फडफडली, सुटली आणि उडून गेली. बोटभर शिवण आता हातभर झाली होती.

हैबतीने धावत जाऊन त्या फटीला पाठ लावली आणि टाचा मातीत रोवल्या. वारा त्याच्या कमरेला लागत होता. शिवण वर वर उसवत गेली, तसा वारा पाठीपर्यंत चढला.

साळू दारापाशी पोरांचे पाय धूत होती. तिला छप्पर किंचित झुकल्यासारखं वाटलं. ती मागे आली आणि नवऱ्याला बघून जागीच थबकली.

"पोरांना बाहेर काढा!"

"हळू बोल," हैबती दातओठ खात म्हणाला. "अजून थोडा वेळ. राणीसाहेब उठल्या की मी लगेच शिवतो."

"एवढं जड मेणकापड पोरांच्या अंगावर पडलं तर श्वास तरी घेता येईल का त्यांना?"

ती दाराकडे पळाली. पण पहारेकऱ्याने भाला आडवा धरला. "राजकन्या खेळताहेत. घर राखणाऱ्याच्या हुकमाशिवाय आत कुणी जायचं नाही."

साळू धापा टाकत परत आली. "तो मला सोडत नाही. तुमच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय सोडणार नाही."

हैबतीने डोळे मिटले. एका हाकेत गावातली सगळी इज्जत जाणार होती. आत एक पोर खळखळून हसलं. वारा त्याच्या मानेला लागला.

"घर फाटलंय!" तो ओरडला. हाक ढोलांत विरून गेली.

मग त्याने बेंबीच्या देठापासून आरोळी दिली, "घर फाटलंय! तिला आत सोडा! पोरांना बाहेर काढा!"

ढोल थांबले. भाला बाजूला झाला. साळू धावत दारापाशी आली आणि वाकून आत शिरली. तिला ठाऊक होतं, पोरं घाबरली तर एकाच दारात चेंगरतील. तिने चेहऱ्यावर हसू आणलं.

"चला रे चला! राणीच्या हत्तीला ऊस कोण भरवणार? जो ओळीने येईल त्यालाच मिळणार!"

पोरं दाराकडे धावली, पण ओळीने. राजकन्याही त्यांच्यातच होती. साळू एकेकाला बाहेर ढकलत राहिली. तोवर मागचा खांब वाकला होता.

बाहेर गावची कुंभारीण किंचाळली, "माझी धाकटी कुठंय?"

धाकटी आत, मागच्या कोपऱ्यात होती. तळ तिथे खोल गेला होता आणि तिला चढून येता येत नव्हतं. साळू पोटावर सरपटत गेली. तिने पोरीचा हात धरला. छप्पर तिच्या पाठीला टेकलं.

"सोडू नका हो!" ती ओरडली.

"नाही सोडत!" पलीकडून हैबतीचा आवाज आला. "तू ये!"

त्याच्या खांद्यांना रग लागली होती, पाय मातीत घसरत होते. पण तो हलला नाही. म्हातारा गडी रडत रडत भाता हाणत होता. शेवटी दारातून साळू बाहेर पडली, पोरगी तिच्या गळ्याला मिठी मारून होती. त्याच क्षणी शिवण तळापासून वरपर्यंत टरकन फाटली आणि घर हैबतीवर कोसळलं.

लोकांनी मेणकापड उपसून त्याला बाहेर काढलं. तो जिवंत होता. खोकत खोकत तो राणीपुढे उभा राहिला.

"कशाने फाटलं?" राणीने विचारलं.

"माझ्या घासण्याने, राणीसाहेब. मेण मीच काढलं. पोरं आत जाण्याआधी फट दिसली, तीही मीच झाकली."

राणीने राजकन्येला घट्ट जवळ धरलं होतं. "फट झाकलीस म्हणून आजपासून हे घर तुझ्या हाती नाही," ती म्हणाली. "आणि शेवटी ओरडलास, म्हणून तुझं शीर अजून धडावर आहे."

घराची निगा साळूकडे आली. तिने आधी सगळ्या शिवणी उसवल्या, दुहेरी दोऱ्याने पुन्हा शिवल्या. हैबती तिच्या हाताखाली मेण वितळवू लागला. पुढच्या जत्रेत घर उभं राहिलं तेव्हा ते जरा काळपट, जरा चिकट दिसत होतं. कुणी नाक मुरडलं, कुणी हसलं. आत पोरं उड्या मारत होती, आणि हैबती खांबाखांबापाशी जाऊन शिवणीवरून हात फिरवत होता.

तात्पर्य : लोकांच्या डोळ्यांसाठी केलेली निगा ही निगाच नव्हे, जे भार पेलतं, ते आधी जपावं.