पन्नास घागरी

मोसंबीच्या बागा वाळू लागल्या, त्या उन्हाळ्यात डिस्टिलरीचे टँकर गावात आले. दारू गाळून उरलेलं काळं, उग्र वासाचं पाणी त्यांत होतं. "खत आणि पाणी एकदमच, तेही फुकट," असं मॅनेजर धारूरकर साहेबांनी चावडीवर सांगितलं. केवळबाईची विहीर तेव्हा आटली होती. नवऱ्यामागं डोक्यावर घागरी वाहून तिनं साठ झाडं जगवली होती. तिनं टँकर बागेत सोडून घेतला.

महिन्याभरात पानं करपली, हिरवी फळं गळून पडली. साहेब पुन्हा आले, तेव्हा केवळबाई एक वाळकी फांदी घेऊन चावडीवर गेली.

साहेबांच्या हातात छापील कागद होता. "दोष खताचा नाही, बाई. अडाणीपणाचा आहे," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इथं स्पष्ट लिहिलंय. याच्या एका घागरीत पन्नास घागरी चांगलं पाणी मिसळायचं, मगच झाडाला द्यायचं. तुम्ही मिसळलं का?"

"नाही मिसळलं."

"मग?"

"साहेब, पन्नास घागरी चांगलं पाणी माझ्याकडं असतं, तर तुमची ही एक घागर मी बागेत कशाला येऊ दिली असती?"

साहेबांनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

गाव हसलं. दुसऱ्या दिवसापासून टँकर बंद झाले. केवळबाईनं साहेबाला कसं गप्प केलं, हे लोक अजून रंगवून सांगतात. ती मात्र त्यावर कधी हसली नाही. मोसंबीचं जळण तिच्या चुलीला दोन वर्षं पुरलं.