कुलूप पाहणारं यंत्र

"तुझ्या लेकीला लस मिळणार नाही. यंत्र म्हणतं, तू टोचून घेणारच नाहीस!"

"अहो, मी टोचून घ्यायलाच आलेय की!" ठकू कासारीण म्हणाली. तिच्या कडेवर दोन वर्षांची बकुळा होती. "ही बघा, पोरीची बाहीसुद्धा वर करून आणलीय."

"बाहीला कोण विचारतंय?" शिपाई म्हणाला. "यंत्रानं काळं निशाण दाखवलंय. चल, हो बाजूला!"

कुसळगाव संस्थानात हे नवंच खूळ निघालं होतं. नदीपलीकडे देवीची साथ आली होती आणि लस फार थोडी होती. नको म्हणणाऱ्यांच्या दारात ती वाया जाऊ नये, म्हणून गुणवंतराव महाराजांनी त्र्यंबकशास्त्र्यांकडून एक शिकणारं यंत्र करवून घेतलं. ते त्या काळात नेमकं कसं चालायचं, हे मला अजूनही नीटसं कळलेलं नाही. पण मागच्या वर्षी कुणाच्या मुलांना लस टोचली आणि कुणाच्या नाही, हे सांगितलं की ते आपलं आपण शिकायचं. मग कोणत्याही आईबापाचं नाव घ्या, ते गुरगुरायचं आणि निशाण वर करायचं. पांढरं आलं तर हे लस घेणार, काळं आलं तर नाकारणार. आणि महाराजांचा हुकूम असा, की काळं निशाण आलं की लस नाही!

ठकू तडक दरबारात गेली.

"महाराज, तुमचं यंत्र चुकलं."

"आमचं यंत्र चुकत नाही!" महाराज गरजले. "काय हो शास्त्रीबुवा, चुकलंय कधी?"

"एकदाही नाही, महाराज. ज्यांच्या नावावर काळं निशाण आलं, त्यांच्यापैकी एकानंही लस घेतलेली नाही!"

"तुम्ही दिलीच नाहीत, तर घेणार कुठून?" ठकू म्हणाली.

दरबारात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि घाईघाईनं खोकला आल्याचं सोंग केलं.

"पण माझ्याच नावावर काळं का?"

शास्त्रीबुवांनी छाती फुगवली. "मागच्या वर्षी ज्यांना लस टोचली नाही, त्या सगळ्यांच्या दाराला कुलूप होतं. तुझ्याही होतं. कुलूप म्हणजे नकार, हे यंत्रानं स्वतः शोधून काढलं!"

"अहो, वैद्यबुवा दारोदार फिरतात मंगळवारी, आणि मंगळवारी असतो बाजार! मी बाजारात बायकांना बांगड्या भरत होते. दार उघडं टाकून जाऊ?"

महाराजांना तिचं म्हणणं पटलं असावं. पण पटलेलं कबूल करायची त्यांना सवय नव्हती.

"आम्ही हुकूम मागे घेत नसतो! उद्या सूर्य मावळायच्या आत यंत्रानं तुझ्या नावावर पांढरं निशाण दाखवलं, तर पोरीला लस. पण यंत्राला हात लावायचा नाही, खोटं सांगायचं नाही! नाही जमलं, तर बस तशीच."

ठकूनं बकुळेला घट्ट धरलं. मग तिनं विचारलं, "महाराज, युवराजांना टोचलं का हो?"

महाराज मिशी कुरवाळू लागले. "वैद्य आले होते मंगळवारी. आम्ही झोपलो होतो."

"आणि राजवाड्याचं दार?"

"कुलूप होतं. आम्ही झोपलो की लावतात. घोरण्याचा आवाज बाहेर जातो."

"मग विचारा की यंत्राला, महाराज लस घेऊ देणार का?"

शास्त्रीबुवांनी चाचरत महाराजांचं नाव घेतलं. यंत्र गुरगुरलं आणि त्यानं निशाण वर केलं. काळं!

"आमच्या नावावर काळं?" महाराज सिंहासनावरून उठले. "आम्ही आमच्या पोराला साथीत सोडू? बोलवा वैद्यांना! टोचा आत्ताच्या आत्ता!"

शिपाई हात जोडून आडवा आला. "माफी असावी. काळं निशाण आलं की लस नाही. सरकारांचाच हुकूम आहे."

महाराज मटकन खाली बसले. हुकूम मागे घेता येईना, पोराचा धोका बघवेना.

"ठकू," ते हळूच म्हणाले, "आता गं?"

"महाराज, तुमच्या दंडावर देवी टोचल्याचे वण आहेत ना?"

"आहेत की. आईसाहेबांनी आम्हाला लहानपणीच टोचवून घेतलं होतं."

"तेव्हा वाड्याला कुलूप असायचं?"

"म्हणजे काय! घोरणं खानदानी आहे आमचं!"

"मग शास्त्रीबुवा, एवढंच सांगा यंत्राला. दाराला कुलूप, तरी पोराला लस. हात लावायला नको, खोटं बोलायला नको!"

"एवढ्या एका गोष्टीनं काय होणार? गावभर कुलपं आहेत..." शास्त्रीबुवा बोलता बोलता थांबले आणि लाजले. "म्हणजे, होईल. राजघराण्याची एक गोष्ट प्रजेच्या हजार गोष्टींइतकी मोजायची, अशी सोय मी यंत्रात करून ठेवली आहे. आपला आदर म्हणून."

त्यांनी यंत्राला सांगितलं. यंत्राला उचकी लागली. महाराजांच्या नावावर पांढरं! ठकूच्या नावावर पांढरं! कुलूपवाल्या एकूण एक घरावर पांढरं! सेनापतींच्या नावावरही पांढरं!

"पण मी तर ब्रह्मचारी आहे!" सेनापती ओरडले.

"दाराला कुलूप लावता ना?" ठकू म्हणाली. "झालं तर!"

महाराज पोट धरून हसू लागले. "बाई, माझं शहाणं यंत्र तू वेडं करून टाकलंस!"

"नाही हो महाराज. आधी ते कुलूप बघायचं, आता तुमच्याकडे बघतं. आईला मात्र अजून कुणी विचारलंच नाही!"

त्याच घटकेला बकुळेला लस टोचली, मग युवराजांना. महाराजांनी ठकूला राणीवशात बांगड्या भरायचा मान दिला आणि म्हणाले, "आणखी माग!"

"वैद्यबुवांना मंगळवारी बाजारात बसवा, माझ्या दुकानाशेजारी."

पुढच्या मंगळवारी बाजारात हीऽ गर्दी झाली. जे पोर रडेल, त्याच्या हातात ठकू काचेची एक बांगडी चढवी आणि पोर रडायचं थांबे. संध्याकाळी दरबार भरला, तेव्हा सेनापती किणकिणत आत आले.

"हे काय, सेनापती? तुम्ही?"

"मीही टोचून घेतलं, महाराज," सेनापती मान खाली घालून म्हणाले. "आणि मला दोन भराव्या लागल्या."

महाराज इतके हसले, की त्या रात्री त्यांना घोरायलाही जमलं नाही!